आक्काच्या पलंगावरचं विमान

मराठवाड्याचा खरा इतिहास जगात फक्त दोघांना ठाऊक आहे: एक माझे दाजी आणि दुसरं त्यांनी केलेलं विमान. त्यातलं विमान बोलत नाही, त्यामुळे सगळा भार दाजींवर पडतो, आणि तो त्यांनी कधी कुरकुरत वाहिलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. मूळचे रेणापूरचे, नोकरी लातूरच्या शाळेत. आम्ही नांदेडचे. मुलगा निर्व्यसनी, प्रेमळ आणि मोजकं बोलणारा आहे असं मध्यस्थाने लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. त्यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या निघाल्या.

तुमच्या-आमच्या इतिहासात लातूरला अरुंद रुळांची एक छोटी गाडी यायची. दाजींच्या इतिहासात ते रूळ रुंद करायचे की नाही यावर एवढा खल झाला, की शेवटी वैतागून सरकारने रूळच उचलून नेले आणि लोकांची समजूत काढायला एक विमान दिलं. ‘मांजरा हवाई सेवा’. पहिल्या फेरीला अर्धापूरची केळी लातूरला निघाली; पण वरच्या थंड हवेत ती पिकायचीच थांबली आणि आडत्यांनी ‘कच्चा माल’ म्हणून त्याच विमानाने परत पाठवली. उदगीरचे व्यापारी विमान अजून थांबतंय न थांबतंय तोच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचे. रेणापूरला धावपट्टी नव्हती, पण कोणी हात दाखवला की विमान खाली यायचं, आणि भजी तळून होईपर्यंत थांबायचं. विमानाची पायलट होती चंद्रकलाबाई, दाजींच्या भावकीतली, नऊवारीत. हे सगळं ऐकून एकदा आमच्या वडिलांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि म्हणाले, “म्हणजे जावईबापू, असं झालं असतं तर मजा आली असती.” दाजींचा चेहरा उतरला. “मामा, असतं-बिसतं काही न्हाई,” ते म्हणाले. “झालं हाय. तुमच्यापर्यंत बातमी आली न्हाई, त्याला इलाज न्हाई.”

दाजी शाळेत चित्रकला शिकवत. लातुरात तेव्हा क्लासेसचं पेव फुटलं होतं. त्यांच्या गल्लीत डावीकडे फिजिक्स, उजवीकडे केमिस्ट्री, समोरच्या माडीवर मॅथ्स आणि खाली मेस. दर घरावर पाटी आणि दर पाटीखाली चपलांचा ढीग. अशा गल्लीत चित्रकलेच्या मास्तरला कोण विचारणार? पण एका पालकाच्या लक्षात आलं की बायोलॉजीत आकृत्यांना मार्क असतात, आणि दाजींच्या ओसरीवर भावी डॉक्टरांची रांग लागली. दाजी त्यांना बेडकाची पचनसंस्था शिकवत. ती इतकी सुरेख, की पोरं परीक्षेत तीच काढून येत. मात्र त्या बेडकाचं गाव कोणतं आणि तो मांजरेच्या पुरात कसा वाचला, हेही त्यांना आधी ऐकून घ्यावं लागे. उरलेल्या वेळात विमान. बाजारातलं तयार सामान त्यांना चालायचं नाही. पंखांचा सांगाडा ज्वारीच्या चिपाडांचा, त्याला ताण छत्रीच्या काड्यांचा, वरून पातळ कागद आणि खळ. पायलटबाईंचा चष्मा जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा. शेपटीवर केळीचा घड. असं हे दोन हात लांब विमान वर्षानुवर्षं ‘जवळजवळ पूर्ण’ होतं, आणि ते पूर्ण होऊ नये अशीच दाजींची मनातून इच्छा आहे असं आक्का म्हणायची.

मग भूकंप झाला. गणपती बोळवून दमलेली माणसं झोपली होती, त्या पहाटे. दाजींच्या घराला जिन्यापाशी एक भेग पडली, बाकी खरचटलंसुद्धा नाही. पण आक्का लेकीला उचलून जी अंगणात आली, ती पुन्हा आत गेली नाही. दाजी शाळेच्या लोकांबरोबर किल्लारीकडे मदतीला गेले आणि आठवड्याने परत आले ते न बोलताच. दाजी गप्प आहेत ही गोष्ट मी आयुष्यात तेवढी एकदाच पाहिली, आणि मला ती फार भयंकर वाटली. काय पाहिलं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आक्का अंगणात ताडपत्रीखाली राहिली, पाऊस आला तेव्हा लेकीला घेऊन नांदेडला आमच्याकडे आली, आणि आईला तिने सरळ सांगून टाकलं, “त्या स्लॅबखाली मी पाय ठेवणार न्हाई. नोकरी सोडून इकडं यायचं असलं तर येऊ दे त्यांना.”

नोकरी सोडून खायचं काय, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. दिवस गेले, महिने गेले. दाजी दर शनिवारी एसटीने नांदेडला यायचे, रविवारी जायचे. येताना मांडीवर विमानाचा कुठला तरी भाग असायचाच. एकदा अख्खा डावा पंख आणला. शेजारच्या बाईंनी वाटेत त्यावर पिशवी ठेवली म्हणून अर्धा प्रवास त्यांच्याशी भांडण आणि उरलेला अर्धा त्यांना इतिहास. आमच्या आईचा जीव मात्र टांगणीला लागला होता. “पोरीचा संसार दोन गावांत वाटला गेला,” ती मला म्हणायची, “आन् हा माणूस इमान करून राहिला!” आक्काचं तरी नांदेडला काय धड चाललं होतं? इथल्या छताचाही तिला भरवसा वाटेना. लातुरात तेव्हा बऱ्याच घरांत करायचे तसा तिने उशाशी स्टीलच्या पेल्यांचा मनोरा रचला होता. जमीन हलली की पेले पडणार आणि जाग येणार. एकदा मांजराने तो पाडला आणि आम्ही सगळे, वडील लुंगी सावरत, रस्त्यावर. आक्का त्यानंतर बराच वेळ रडत होती. ती हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हे मला तिचं रडणं पाहून कळलं.

पुढच्या रविवारी सकाळी दाजी आमच्या ओसरीवर पंखाला खळ लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, “पेल्यांचं काही खरं न्हाई. पेले पडंस्तोवर उशीर होतो. इमानाला आधी कळतं.” आक्का शेंगा फोडत होती. तिने लक्ष दिलं नाही. दाजी सांगतच राहिले. त्या साली चंद्रकलाबाई किल्लारीच्या माळावर विमान लावून मुक्कामाला होत्या. वारा नाही, काही नाही, आणि विमान उभ्या उभ्या झुलायला लागलं. बाईंना कळलं. त्यांनी भोंगा वाजवला, दारं ठोठावली, साऱ्या गावाला शेतात काढलं. लोक चिडले, शिव्या देत बाहेर आले, पण आले. आसपासच्या गावांवरून विमान खाली आणून घिरट्या घातल्या. आवाजाने तीही गावं उठली. आणि मग जे व्हायचं ते झालं. घरं पडली. “नुसती घरं पडली,” दाजी म्हणाले. त्यांच्या हातातला ब्रश थांबला होता.

आक्काने विचारलं, “सगळे निघाले का बाहेर?”

“हाव. सगळे. एक म्हातारी माघारी फिरली होती, शेळी सोडायला. तिला बाईनं शेळीसकट काढलं.”

दाजींच्या इतिहासाला मी इतकी वर्षं हसत आलो होतो; त्या सकाळी मला वाटलं, हाच खरा असायला हवा होता. आक्काने सूप बाजूला ठेवलं, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, “ते पूर्ण करा आधी. माझ्या लातूरच्या पलंगावर टांगा. ते हललं तर मी इकडं निघून येईन, आन् पुन्हा तिकडं यायची न्हाई.”

दाजींनी विमान आठवडाभरात पूर्ण केलं. पलंगावरचा पंखा उतरवून त्याच्या हुकाला पतंगाच्या दोऱ्याने टांगलं आणि आक्काला घेऊन गेले. एप्रिलच्या लातुरात पंख्याशिवाय राहणं म्हणजे काय ते ज्याने काढलंय त्यालाच कळेल, पण आक्का घरात होती, छताखाली होती, यापुढे उकाड्याचं काय एवढं! विमान मात्र फारच इमानी निघालं. दार आपटलं की हलायचं, रस्त्यावरून ट्रक गेला की हलायचं, कोणी जोरात शिंकलं तरी हलायचं. हललं की आक्का बाहेर, आक्का बाहेर आली की समोरच्या माडीवरची क्लासची पोरं बाहेर. पुढे पुढे तर ती पोरं अभ्यासाला बसण्यापूर्वी खिडकीतून विचारून घ्यायची, “मावशी, विमान कसंय?” आणि आक्का आत पाहून सांगायची, “उभं हाय. बसा.”

दिवाळीनंतर मी लातूरला गेलो तेव्हा आक्का चांगली भरलेली दिसली. रात्रीची झोप लागते म्हणाली. मी पलंगावर टेकलो होतो, तेवढ्यात लेकीने दार धाडकन लावलं. विमान ढिम्म. मी उठून बारकाईने पाहिलं. दोरा नव्हताच. हुकापासून विमानापर्यंत दाभणाएवढी जाड तार होती, दोऱ्यासारखी दिसावी म्हणून पांढरी रंगवलेली. मागून दाजी आले, माझा दंड धरून त्यांनी मला थेट कोपऱ्यावरच्या हॉटेलात नेलं आणि चहा सांगितला.

“दाजी, हे काय?”

“सारखं हलायचं, पाव्हणं. तिला झोप न्हाई. कुडी राहिली न्हाई तिची. मग मी तार टाकली.”

“आणि खरंच भूकंप झाला तर?” माझा आवाज चढला होता. “तिने त्या विमानावर भरवसा ठेवलाय!”

“मी हाय की जागा,” दाजी म्हणाले. त्यांचे डोळे तांबडेलाल होते, ते मला तेव्हा दिसले. “ती निजली की मी पडून राहतो. पेले माझ्या बाजूला हायेत, पलंगाखाली. शाळेत दुपारी एक डुलकी काढतो. चालतंय.”

मला त्यांचा राग आला आणि त्यांच्या पायाही पडावंसं वाटलं. यातलं काहीच न करता मी चहा संपवला. आक्काला सांगावं तर ती पुन्हा अंगणात. न सांगावं तर हा माणूस किती दिवस असा जागणार? नांदेडला परत आल्यावर बरेच महिने कुठे पेला पडला तरी मी आधी वर छताकडे पाहायचो.

पुढच्या उन्हाळ्यात गेलो, तेव्हा दुपारची वेळ होती. आक्काने दुकानातून एक टेबलफॅन आणवला होता. तिने तो पलंगाच्या पायथ्याशी ठेवला, तोंड वर विमानाकडे केलं आणि बटण दाबलं. दाजी घाईने पुढे झाले, पण उशीर झाला होता. वारा थेट विमानावर. पंखांचा कागद फडफडला, चंद्रकलाबाईंचा पदर उडाला, विमान जागचं हललं नाही. दाजींनी विमानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी घाबरून मान हलवली. मी आक्काला काही सांगितलं नव्हतं.

“त्याच्याकडं काय बघता? त्याला काय माहीत?” आक्का म्हणाली. “दिवाळीला जाळी मीच काढते की वरची. तार तवाच दिसली.”

“मग… निजलीस कशी तू?” दाजींनी विचारलं. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

“शेजारी माणूस माझ्यासाठी डोळा लावत न्हाई, हे कळल्यावर भीती कशाची राहती हो? मला वाटलं, तुम्हीच सांगाल. तुम्ही सांगंना, मला सुचंना.” मग विमानाकडे बोट करून म्हणाली, “चंद्रकलाबाई म्हणत होत्या, मास्तरांना आता निजू द्या. लई पहारा झाला.”

दाजींच्या इतिहासात दुसऱ्या कोणी भर घातल्याची ही पहिलीच वेळ. “पाच मिनिटं पाठ टेकतो,” म्हणाले आणि पलंगावर आडवे झाले, ते तोंड किंचित उघडं ठेवून घोरायलाच लागले. आईला हे कधी एकदा सांगतो असं मला झालं होतं. इतकं हलकं मला लातुरात कधीच वाटलं नव्हतं.

ऊन उतरलं, क्लासेस सुटले, गल्ली पोरांनी भरून गेली. बेडूक शिकायची मुलं वह्या घेऊन ओसरीवर आली आणि नेहमीसारखी ओरडली, “सर!” आक्का हात झटकत बाहेर धावली. तिने दार हलकेच ओढून घेतलं, पायरीवर बसली आणि म्हणाली, “आज न्हाई रे. उद्या या. आन् हळू बोला, सर झोपलेत.”