बनवलेली शांतता

अंकिता लहानपणापासून भित्री. गॅस बंद केलाय की नाही हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत येणारी, एसटी सुटली की पुन्हा एकदा पिशवी चाचपणारी. कुपवाडच्या कारखान्यांमागच्या गल्लीत खोली घेऊन ती राही आणि घरूनच एका कंपनीचं प्रोग्रामिंगचं काम करी. वडील फौजेतून निवृत्त झाले आणि लवकरच गेले. आई, विजयमाला, कवठे महांकाळजवळच्या वस्तीवर एकटी असे. तिला साखरेचा आजार होता, रोजची गोळी चालू होती. कुपवाडला चल म्हटलं की म्हणे, "तुझ्या त्या खोलीत मला कोंबडीगत डालून ठेवणार व्हय?"

मग दोघींनी एक रीत पाडली. सकाळी कामाला बसताना अंकिता आईला इंटरनेटवरून फोन लावी आणि तो दिवसभर तसाच चालू ठेवी. कामानं राठ झालेली आईची बोटं स्क्रीनला कळत नसत, म्हणून लेकीचा फोन आला की तो आपोआप उचलला जाईल अशी सोय अंकितानं करून दिली होती. फडताळातल्या त्या फोनमधून भाकरी थापल्याचं ऐकू येई, बांगड्या वाजत, कोंबड्यांना घातलेल्या शिव्या येत. एकमेकींशी बोलणं अधूनमधूनच. पण वस्तीवर रेंज तुटकी. आवाज फाटे, अडके, लाइन जाई, आणि लाइन गेली की परत लागेपर्यंत अंकिताला काही सुचत नसे.

त्या धास्तीपायीच तिनं ते काम अंगावर घेतलं. इंटरनेटवरून बोलायच्या ॲपना लागणारी एक लायब्ररी होती, म्हणजे तयार प्रोग्रामचा संच, कुणीही वापरावा आणि कुणीही सुधारावा असा. आईच्या फोनमधलं ॲप त्यावरच चाले. आवाज लांब पाठवायचा तर त्याची बारीक घडी घालावी लागते आणि पलीकडे ती उलगडावी लागते. घडी घालायच्या या पद्धतीला कोडेक म्हणतात. अगदी कमी रेंजवर चालणारा, फक्त माणसाच्या बोलण्यासाठी केलेला एक कोडेक त्या लायब्ररीत नव्हता. तो अंकिता बसवू लागली. साताऱ्याचा ऋषिराज लायब्ररीची देखरेख करणाऱ्यांपैकी एक. तो तिचं काम तपासून देई.

या कोडेकला एक सोय होती. माणूस बोलत नसेल तेव्हा फोननं आवाज पाठवायचाच नाही. ऐकणाऱ्याला लाइन मेली असं वाटू नये म्हणून त्याच्याच फोननं तेवढा वेळ एक मंद 'सूं' बनवून ऐकवायची. बोलणं कुठलं आणि शांतता कुठली, हे मात्र यंत्राला आवाजाच्या जोराची एक मर्यादा घालून शिकवावं लागतं: तिच्याहून हळू ते बोलणं नाही. त्यासाठी अंकितानं माणसांचे आवाज गोळा केले. आईचा, वस्तीवरच्या नाथाजींचा, गल्लीतल्या कामगारांचा. रेंज कमी आहे म्हटलं की आपल्याकडचा माणूस फोन तोंडासमोर धरून ओरडतो. हे सगळे तसेच बोलले.

"तुमच्याकडं हळू कुणी बोलतच नाही का गं?" ऋषिराजनं फोनवर विचारलं.

"ह्या बांधावरनं त्या बांधावर बोलायची सवय," अंकिता म्हणाली. "हळू बोललं की लोकांना वाटतं, चुगली चाललीय."

दोघंही हसले. त्याच आवाजांवर मर्यादा ठरली, ऋषिराजनं काम पास केलं आणि नवी आवृत्ती बाहेर पडली.

लाइन तुटायची थांबली. आईचं बोलणं शेजारच्या खोलीतून यावं तसं येऊ लागलं. बांगड्या आणि कोंबड्या मात्र गेल्या, कारण यंत्राच्या लेखी ते बोलणं नव्हतं. अंकिताला चुकल्याचुकल्यासारखं होई. पण कानात ती मंद सूं असली की आई आहे असं वाटे, आणि ती निवांत काम करी. इतकी निवांत ती कधीच नव्हती.

एका दुपारी तिनं नेहमीसारखं विचारलं, "आई, जेवलीस का?"

सूं.

"साखरेची गोळी घेतलीस न्हवं? का झोपलीस?"

सूं.

"बरं, झोप झोप. मी हाय हितंच."

ती कामाकडे वळली. थोड्या वेळानं कानात काहीतरी टोचल्यासारखं झालं. "अं..." आणि पुन्हा सूं. तिनं स्क्रीनवरची आवाजाची पट्टी बघितली. पट्टी सपाट होती. मग एक टोक वर आलं आणि पडलं. आणखी एक आलं. "खर..." सूं.

अंकितानं हातातलं काम सोडलं. कुणीतरी मर्यादेच्या अगदी खाली बोलत होतं. जरा जोर लागलेला तुकडा तेवढा उडी मारून येत होता, बाकीचं यंत्र गिळत होतं. इतका वेळ ती जी शांतता ऐकत होती ती आईच्या घरातली नव्हतीच. ती इथं, तिच्याच टेबलावर बनत होती.

तिनं कॉल तोडला. मधलं काहीही गाळू नको, असं पलीकडच्या फोनला सांगणारा बदल केला. बोटं चुकत होती. पुन्हा लागलाच नाही तर? रेंजच गेली तर? तिनं लावला. रिंग वाजत राहिली आणि मग फोन आपोआप उचलला गेला.

घर ऐकू आलं. कोंबडी, पत्र्यावरचा वारा, आणि खाली कुठंतरी, जमिनीजवळून, "अंके... साखर दे गं... अंके..."

दुसऱ्या फोनवरून तिनं नाथाजींना गाठलं. "काका, आईकडं जावा. आत्ता!"

"आगं, सकाळी तर माझ्या म्हशीवरनं भांडली की माझ्याशी. लय जोरात हाय तुझी आई."

"काका, ती पडलीया. मूठभर साखर घ्या आन् पळा!"

नाथाजींनी पुढं काही विचारलं नाही. अंकिता कानात प्राण आणून ऐकत राहिली. आईचं पुटपुटणं मंदावलं आणि थांबलं. कोंबडी ऐकू येत होती, वारा ऐकू येत होता. आता यंत्र काहीच गाळत नव्हतं. आईचा आवाज येत नव्हता, म्हणजे आवाजच नव्हता.

दार खडखडलं. "वैनी! आवं वैनी, कडी काढा!" मग खांद्याचे धक्के. कडी उचकटल्याचा आवाज. "आरं द्येवा... वैनी, त्वांड उघडा. हे चघळा. चघळा म्हन्तो न्हवं!" मग बराच वेळ नुसता नाथाजींचा श्वास. अंकितानं टेबलाची कड धरून ठेवली होती. शेवटी एक बारीक ठसका आला.

"हाय गं पोरी, हाय!" नाथाजी फोनकडे तोंड करून ओरडले. "गाडी करून मिरजेला आणतो."

संध्याकाळी मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यातून तिनं ऋषिराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ती सोय आत्ताच्या आत्ता बंद करून नवी आवृत्ती काढतो."

"आणि ज्यांनी आधीच घेतलीय त्यांचं?"

"सगळ्यांना कळवतो. पण ते कधी बदलतील, ते आपल्या हातात नाही, अंकिता."

फोन ठेवल्यावर तिला ती माणसं दिसू लागली. कुठल्या कुठल्या घरांत, कानाला फोन लावून, सूं ऐकत निवांत बसलेली.

ती आत आली तेव्हा आई जागी होती. गोळी घेतली आणि जेवण राहिलं, म्हणून रक्तातली साखर एकदम उतरली, असं डॉक्टर म्हणाले होते. आईचा आवाज अजून खोल गेलेला होता. अंकिता तोंडाशी कान नेऊन बसली.

"मी सांगत हुते तुला," आई म्हणाली. "हातपाय थरथरत्यात, म्हटलं. नाथाजीला हाक मार, म्हटलं. आन् तू म्हनलीस, झोप झोप."

अंकिता आणखी जवळ सरकली.

"तुझं समदं ऐकू येत हुतं मला. मग मला वाटलं, कामात आसंल पोर. कशाला सारखं बोलवायचं. म्हनून गप बसले."

कोडेक, मर्यादा, बनवलेली सूं, सगळं सांगायला अंकितानं तोंड उघडलं. बाहेर एवढंच आलं, "मला ऐकू येत न्हवतं, आई."

आई तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं लेकीच्या हातावर हात ठेवला आणि डोळे मिटले. तिला ते पटलं का, हे विचारायची अंकिताला भीती वाटली.