शंभर मैलांचं आमंत्रण

दिवाळीच्या आधी एका रविवारी तामो कॉव्हेंट्रीहून ब्रॅकनेलला शंभरेक मैल गाडी हाकत यायचे, आमच्या शेजारच्या दारात उभं राहून एक वाक्य बोलायचे आणि पाणीही न पिता परत जायचे.

त्यांचं नाव इबोहल. मणिपूरच्या मैतेई लोकांत थोरल्या भावाला तामो म्हणतात. आम्हीही तेच म्हणू लागलो. शेजारी त्यांची धाकटी बहीण इबेमा राहायची. वाक्य असायचं, ‘चाकौबाला ये.’ निंगोल चाकौबा म्हणजे लग्न झालेल्या लेकींना माहेरी माशाच्या जेवणाला बोलवायचा दिवस. येतो आपल्या भाऊबीजेच्या सुमारास. जावयांना मात्र बोलावणं नसतं, त्यामुळे जेवण शांतपणे होत असावं.

मला समारंभांचं वावडं आहे. आमच्या मराठी मंडळात पाहुण्यांचा सत्कार संपेपर्यंत वरण गार होतं. म्हणून एकदा तामोंना विचारलं, “अहो, फोन का नाही करत?”

“फोनवर डेंटिस्टची अपॉइंटमेंट घेतात,” ते म्हणाले. “बहिणीला घरी जाऊन बोलवायचं.”

रेल्वेच्या सिग्नल खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. ‘नियम वाकवला की गाडी घसरते,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. रिटायर झाल्यावर गाड्या उरल्या नाहीत, नियम उरले.

मग इबेमाने नवरा सोडला. तामो म्हणाले, परत जा. ती गेली नाही; दोन गल्ल्यांपलीकडे फ्लॅट घेतला. खोकी मीच वाहिली. त्या दिवाळीत तामो आले आणि आमंत्रण नवऱ्याच्याच दारात देऊन गेले, कारण लेकीचं बोलावणं सासरी द्यायचं असतं. मी हे इबेमाला सांगितलं, तेव्हा ती हातातली भांडी पुसतच राहिली.

“मी राहते त्या दारात माझा भाऊ येत नसेल,” ती म्हणाली, “तर मला माहेर नाही.”

चाकौबाला ती गेली नाही. वर्षभर दोघांचं बोलणं बंद.

पुढच्या दिवाळीत तामोंची गाडी पुन्हा आली. शेजारच्या फाटकाशी ते बराच वेळ उभे होते. पडद्याआडून बघणं बरं नाही, म्हणून मी पडदा सारून बघत होतो. शेवटी त्यांनी माझी बेल वाजवली आणि विचारलं, तिचं घर दाखवता का?

मी त्यांना तिच्या फ्लॅटपर्यंत नेलं. इबेमाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तामोंनी टोपी काढली.

“गेल्या वर्षी मी चुकीच्या दारात गेलो. परत जा म्हणालो तेही चुकलं. चाकौबाला ये.”

ती दार धरून उभी राहिली. मग विचारलं, मासा कुठला आणणार?

“तू सांगशील तो.”

“मी सकाळीच येते. तुझ्या हातचा मासा खाववत नाही, तामो. रस्सा मी करणार.”

त्या दिवशी लेकीने नुसतं जेवायचं, चुलीकडे फिरकायचंही नाही, असा त्यांच्या घरचा नियम. मी तामोंकडे पाहिलं. त्यांनी टोपी हातात दोनदा फिरवली.

“लवकर ये,” ते म्हणाले.