घराकडे येणारी होडी

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एका नाताळकार्डाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमच्या मंडळींनी केलेलं कार्ड, कल्पनाही स्वतःची’. त्यातले शेवटचे दोन शब्द सोडले तर बाकी मजकूर खरा होता.

कल्पना होती आमच्या देवबागेतल्याच, चार घरं पलीकडच्या बाईंची. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या दर नाताळाला हाताने कार्डं करतात. केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटाची होडी, जुन्या धोतराचं शीड, काठावर घर आणि घरावर चांदणी. नेवऱ्यांच्या, म्हणजे करंज्यांच्या, ताटाबरोबर त्यातलं एक आमच्याकडे येतं. दिवाळीला आमचं फराळाचं ताट तिकडे जातं. यंदा आमच्या दोन खोल्यांत उतरणाऱ्या पाहुण्यांना तसंच कार्ड द्यायचं बायकोच्या मनात आलं. पण पहिलं कार्ड बाईंना दाखवायचं, त्यांना विचारायचं, आणि मगच बाकीची करायची, असं तिचं ठरलेलं. तिने विचारायच्या आत मी जाहीर करून टाकलं.

“तुमी ह्यां काय लिवलात?” बायकोचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

मी लगेच फोटो पुसला. “फोटो गेलो,” म्हटलं. तिने आपला फोन माझ्यासमोर धरला. फोटो जागच्या जागी होता. मी तो फक्त माझ्यापुरता पुसला होता.

बाई ग्रुपात आहेत. कुणाचं काहीही असो, पहिला गुलाब त्यांचा असतो. दुपार झाली तरी गुलाब नाही.

“वीस वर्सां ताट येता त्यांचा,” बायको म्हणाली. “ह्या वर्सा नाय इला, तर मी त्यांका तोंड कसा दाखवतलंय? चला.”

ती पुढे, मी मागे. बाई पडवीत बसून शीडं कापत होत्या.

“या. बसा,” त्या म्हणाल्या. एरवीची मालवणी सोडून छापील मराठीत. तहसीलदाराशी बोलावं तसं.

बायकोने कार्ड पुढे ठेवलं. “बाईनू, फोटो ह्येंनी टाकलो, पन कार्ड माजा. तुमचा बघून केलंय. विचारूक येतलंय होतंय.”

बाईंनी कात्री खाली ठेवली. चष्मा लावला, कार्ड लांब धरलं, जवळ आणलं. मी फरशीच्या रेघा बघत बसलो. बायकोने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“होडी कोणी कापली?”

“मी,” मी म्हणालो.

“माझी होडी घराकडे येते. मुलगा जहाजावर असतो, म्हणून मी ती तशीच काढते. ही घर सोडून निघालीय.”

खरंच होतं. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, घराच्या उलट दिशेला.

“कापताना साचो उलटो ठेवलंय,” मी म्हटलं.

बाईंनी चष्मा काढला. मग बायकोकडे वळल्या. “गो, ह्येच्या हातात कात्री कित्याक दिलंस?”

मालवणी परत आली. बायकोने पदर सोडला.

“होडी फिरव. बाकी बरां केलंस. पाहुण्यांका खुशाल दी. आनी तू रे, कल्पना कोणाची तां आत्ता ग्रुपार लिव. माज्यासमोर.”

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि मग माझ्या फोनवर एक गुलाब उगवला.

घरी मी आगाऊच तशा बारा होड्या कापून ठेवल्या होत्या. त्या पालथ्या घालूनही चालणार नव्हत्या, कारण सोपटाला चकाकी एकाच बाजूला असते. हे मी पडवीत बोललो नाही. रस्त्यात सांगितलं.

बायकोने थांबून हात पुढे केला. मग म्हणाली, “नयी सोपटां तुमी आना. कात्रेक हात लावूचो नाय. फोन हय दिया. आनी नेवऱ्यो इल्यो की तुमका एकच.”