चिमटेकाका आणि लोकरीचा शर्ट

चिमटेकाका भेटले की ‘कशी आहेस’ वगैरे नंतर. आधी ते पुढ्यातल्या माणसाच्या बाहीचं कापड अंगठा आणि बोटात धरून चोळायचे आणि मग मान हलवायचे किंवा चुकचुकायचे. त्यांची सारी नोकरी मलकापूरच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवण्यात गेली. रुईची पुंजकी दोन चिमटींत धरून ओढायची आणि धागा किती लांब ते सांगायचं, हे काम. निवृत्तीनंतर रुई सुटली, चिमटी काही सुटली नाही. गल्लीतल्या पोरांनी नाव पाडलं, ते काकांनीही खुशाल लावून घेतलं.

आमची आणि त्यांची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे काकांची काळजी आम्हाला घरबसल्या ऐकू यायची. हो, काळजी करणं हा त्यांचा दुसरा उद्योग. नांदुऱ्याला लग्नाला जायचं तर मुहूर्ताआधी मांडववाल्यांच्याही अगोदर हे हजर. कुलूप लावून निघाले की कोपऱ्यावरून परत येऊन ओढून बघणार. आम्ही हसायचो. काकूही हसायच्या.

मग एका हिवाळ्यात काकूंना न्यूमोनिया झाला आणि आमचं हसणं थांबलं. काकू दवाखान्यातून वाचून आल्या, पण काकांची सगळीकडे विखुरलेली काळजी त्या दिवसापासून एकाच जागी येऊन बसली. पुढच्या वर्षी डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे, चाला, फिरा, डोंगर चढलात तरी हरकत नाही. फक्त घामानं ओलं अंग वाऱ्यात ठेवू नका. काकांनी आधीचं सगळं सोडून दिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

आमची सकाळी फिरायला जाणारी मंडळी दर हिवाळ्यात संग्रामपूरच्या पुढे सातपुड्यात जाते. सकाळी डोंगर चढायचा, दुपारी पायथ्याशी गोवऱ्यांच्या आरात, धगधगत्या निखाऱ्यांत, कणकेचे रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी करायची, खायचं आणि परतायचं. त्या वर्षी काकूंनी जाहीर केलं, मीही येणार. काका म्हणाले, “अवं, वर वारा काय असते, ठाव हाय काय तुले? तुले घाम येते.” काकू म्हणाल्या, “अवो, मी जिवंत आहो. मले कपाटात ठेवू नोका.” काकांना नाही म्हणवेना, हो म्हणण्याची हिंमत होईना. मग त्यांनी सारा जीव शर्टावर आणून ठेवला.

सुती चालणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. जन्मभर कापसाचं खाल्लेला माणूस हे बोलतोय म्हणून मी बघतच राहिले. “बेटा, सूत घाम पिते आन् धरून बसते,” ते म्हणाले. “आपल्या उन्हात ते अमृत. डोंगरावर नाई.” मग राहिलं काय, लोकर की सिंथेटिक. त्यांच्या पुण्यातल्या मुलानं दोन्ही शर्ट पाठवले. एक पातळ लोकरीचा, एक खेळाडू घालतात तसला, सुळसुळीत. ऑक्टोबरच्या त्या घामट उकाड्यात काका एकेक शर्ट बादलीत बुडवायचे, पिळून अंगात घालायचे आणि चालू कूलरसमोर उभे राहायचे. डोंगरावरचा वारा मलकापुरात दुसरा कुठून आणणार? सिंथेटिक भराभर वाळायचा, पण वाळेपर्यंत काका शिंका देऊन देऊन हैराण. लोकरीचा वाळायला वेळ घ्यायचा, पण ओला असूनही गार लागायचा नाही. काकू दारातून बघत म्हणायच्या, “मले वाचवता वाचवता या माणसालेच निमोनिया होते पाह्य.”

तरी निर्णय होईना. आज लोकर, उद्या सिंथेटिक. लोकरीनं काकूंची मान खाजायची. सिंथेटिकला चुलीजवळ ठिणगी लागून भोकं पडतील, आणि रोडगे म्हटले की काकू आराजवळून हलणार नाहीत. “काऊन इतका इचार करता?” असं मी एकदा वैतागून विचारलं. काका हळू आवाजात म्हणाले, “मागच्या खेपी मीच म्हणलो होतो, साधी सर्दी हाय, आपोआप जाते.” निघायच्या आदल्या दिवशी ठरलं, लोकर.

डोंगर चढताना काका काकूंच्या मागोमाग. थोडं चाललं की बाही चिमटीत. “कोरडी हाय,” असं ते मागे वळून मला सांगायचे, जसं काही शर्ट मीच विणला होता. माथ्यावर पोचलो तर वारा असा की बोलणं ऐकू येईना. काकांनी परत बाही चोळली, पाठीवरून हात फिरवला. शर्ट कोरडाच. त्यांचा चेहरा इतका खुलला की मलाही बरं वाटलं. आणि तेवढ्यात काकूंचे दात वाजायला लागले.

मी त्यांच्या शर्टाच्या आत, मानेखाली हात घातला, तो ओलाच बाहेर आला. काकूंनी शर्ट घातला होता साडीवर. आपल्याकडे बाया कापूस वेचायला जाताना साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवतात ना, अगदी तसा. आत सुती ब्लाउज, सुती पदर, सगळं घामानं चिंब. एवढे दिवस लोकर की सिंथेटिक चाललं होतं आणि शर्टाच्या आत काय असेल, हे ना काकांना सुचलं, ना काकूंना, ना मला. बाईच्या जातीनं शर्ट घालायचा तो साडीवरच, यात विचारायचं काय?

आम्ही बायांनी शाली धरून आडोसा केला. गारठ्यानं काकूंची बोटं वळेनात, हुक मीच काढले. ओलं सगळं उतरवून लोकरीचा शर्ट उघड्या अंगावर घातला, वरून माझी शाल. काका पाठ करून उभे. “झालं काय? गरम लागते काय?” दर श्वासाला तेच. काकूंचे ओठ निळसर दिसत होते आणि मी मनातल्या मनात देवाला काय काय कबूल करत होते ते सांगत नाही. शेवटी आतून आवाज आला, “लय खाजते हो हे.” काका मटकन खाली बसले आणि टोपीत तोंड घालून रडले.

काकूंना साधी शिंकही आली नाही. काका मात्र पुढे कितीतरी दिवस त्यांच्या खोकल्याकडे कान लावून होते. काकू नंतर दर हिवाळ्यात आल्या आणि दर वर्षी तोच वाद नव्यानं झाला. लोकरीला कसर लागली काय, सिंथेटिक आता जाड मिळते म्हणतात, आत काय घालशील. काका एकदाही निर्धास्त घरून निघाले नाहीत. पण ‘येऊ नको’ असंही पुन्हा कधी म्हणाले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात डोंगरावर जायच्या दिवशी काका बुलढाण्याच्या दवाखान्यात होते. हृदयाचं दुखणं, उतार नव्हता. मी सकाळी डबा घेऊन गेले. काकू डोंगरावर येणार नव्हत्याच, पण काकांनी हट्ट धरला. “तू जाय. मंडळी वाट पाह्यत असन. बेटा, घेऊन जाय हिले.” त्यांना बरं वाटावं म्हणून काकू उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि खाटेजवळ उभ्या राहिल्या. काका डोळे मिटून पडले होते.

काकू वाकल्या. “अवो,” त्या म्हणाल्या, “लोकरीचा घालू का दुसरा?”

काकांनी डोळे उघडले नाहीत. “घाल कोणताई,” ते म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. असा घाबरलेला चेहरा मी त्यांचा डोंगरमाथ्यावरही पाहिला नव्हता. त्यांनी पिशवी खाली ठेवली. “बेटा, मंडळीले सांग, तुम्ही निघा म्हणा,” त्या म्हणाल्या आणि काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन बसल्या. काका त्याच संध्याकाळी गेले.