अक्काची शिरगणती

आमच्या गल्लीतली अक्का माणूस दिसला की आधी मोजायची, मग बोलायची. कुणाच्या घरात शिरली की पहिला प्रश्न, "किती जण शेतस?" सुरतेला कामाला गेलेला मुलगा ती धरायची, दिवाळीला येणारा जावईही धरायची. एकदा शेजारच्या सुनेकडे बघून म्हणाली, "पोटमधलं बी धरनं पडी. अंगणवाडीमा तेच जाई." सून लाजून आत पळाली.

अंगणवाडी हेच तिचं खूळ. आमची गल्ली धुळ्याच्या पार कडेला आणि अंगणवाडी हायवेच्या पलीकडे. एकदा अक्काच्या नातीची चप्पल रस्त्यात निसटली आणि तिच्यावरून ट्रक गेला. पोर वाचली, चपलेचा पापड झाला. तेव्हापासून अलीकडे, गल्लीतच अंगणवाडी हवी म्हणून अक्काने महापालिकेचा जिना सोडला नाही. सोबतीला मी. शाळेत मी चौथीपुढे गेलो नाही, पण साहेबासमोर उभं राहायला मला कुणाच्या बापाची भीती नाही.

तिथले साहेब तसे गरीब स्वभावाचे. म्हणाले, "अक्का, जनगणनेत तुमच्या गल्लीचा वेगळा आकडा दिसत नाही. वॉर्डाचा दिसतो. आणि वॉर्डाला एक अंगणवाडी आहेच."

"हायवे काय वॉर्ड वलांडस का? लेकरू वलांडस!"

साहेबांनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला. मी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही ते आकडे मीच लिहिलेत. "तुमच्या गल्लीत माणसं असून असून किती असणार?" साहेब सहज बोलून गेले. तिथेच फसले.

"जेवाले या," अक्का म्हणाली. "बठ्ठी गल्ली दखाडस तुमले."

अख्खी गल्ली एकाच जागी दाखवायची म्हणून तिने वरणबट्टी केली आणि गल्लीला चूलबंद आवतण दिलं. म्हणजे त्या दिवशी कुणी घरी चूल पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. गुपचूप शेजारच्या दोन गल्ल्यांनाही सांगितलं. तरी तिचं समाधान होईना. माझं जेवण उरकलं तशी कानाशी आली, "आबा, दुसरी पंगतमा बठा. टोपी काढी ल्या."

बसलो. जेवायला आलेले साहेब हौसेने वाढायला उठले होते, ते माझ्यापाशी येऊन थबकले. "आबा, तुम्ही मघाशीच जेवलात ना?"

"तो माझा भाऊ," मी म्हणालो. "वाढा."

साहेब हसले, पण बट्टी वाढली. निघताना म्हणाले, "अक्का, असल्या मोजणीवर मला काही लिहिता येणार नाही." त्यांची गाडी हायवेपलीकडे लावलेली. साहेब एक पाऊल पुढे टाकत आणि दोन मागे येत. ट्रकांची रांग तुटेना. शेवटी अक्काने हात आडवा करून ट्रक थांबवला आणि साहेबांचं मनगट धरून त्यांना लेकरासारखं पलीकडे नेलं. परत आली आणि खरकटी पातेली घासायला बसली. एवढं रांधूनही हात रिकामाच राहिला असं तिला वाटत होतं.

पण काही महिन्यांनी साहेबांचंच बोलावणं आलं. त्यांनी जनगणनेच्या कार्यालयाला लिहून आमच्या गल्लीचा वेगळा आकडा मागवला होता. सहा वर्षांखालची पोरं अंगणवाडीला पुरून उरत होती. खरी, एकेकदाच मोजलेली.

अक्का खूश व्हायचं सोडून चिडली. "मंग इतली वरणबट्टी कसाले?"

मला राहवेना. मी म्हणालो, "साहेब, ही मोजणी जुनी. त्यातल्या पोरांना तर आता मिशा..." अक्काने असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "चूप ऱ्हावा आबा. त्यासना धाकला भावंडे बसतीन."

बसली. गल्लीत अंगणवाडी झाली, तिच्यात बसलेली ती भावंडं अक्काने डोळ्यांनी पाहिली, आणि गेल्या थंडीत अक्का गेली.

आता नव्या मोजणीची हवा आहे. अक्काच्या घरचे कामाला सुरतेला गेलेत. मोजणारी बाई येईल, अक्काच्या दाराला कुलूप बघेल आणि पुढे सरकेल. मी तिला ओट्यावर बसवणार, पाणी देणार आणि आधी अक्काचं नाव सांगणार. ती म्हणेल, "आबा, गेलेली माणसं मोजत नाहीत." नसतील मोजत. पण तिने अक्काचं नाव ऐकून घेतल्याशिवाय मी माझं सांगणार नाही.