आईनं थुंकलेली बोर

आमच्या गावाला डोंगर नव्हता. नजर जाईल तिकडे धानाच्या बांध्या आणि मधे तळं. मग मँगनीजची खदान निघाली आणि माझ्या आईनं डोंगर बांधला. एकटीनं नव्हे, पण मला तसंच वाटायचं, अजूनही वाटतं. गावच्या बाया नको असलेला दगड टोपल्यांनी वाहून एका जागी ओतायच्या. पुढे खदान बंद पडली, साहेब निघून गेला आणि तो उघडाबोडका काळा ढिगारा मागे राहिला.

पहिल्या पावसाळ्यात त्यावर काही म्हणजे काही उगवलं नाही. आई रोज बघून यायची, मी हसायची. दुसऱ्या पावसाळ्यात पायथ्याशी, बांधीतली माती लागली होती तिथे, तरोटा आला. आम्ही त्याची भाजी खाल्ली. मग कुसळी गवत वर चढलं, गवतात धूळ अडकली, धुळीत घाणेरी रुजली, फटीफटींतून रुई निघाली.

"लग्नात बिनबोलावलेलेच आंधी येतेत," आई म्हणायची. "सोयरे मांगून."

सोयरे म्हणून आल्या बोरी. ढिगाऱ्याच्या मधल्या पायरीवर, एका ओळीत सात! मी आनंदानं अक्षरशः लोळण घेतली, कुसळं केसांत भरली. आईला मात्र नवल नव्हतं. खदान चालू होती तेव्हा दुपारच्या सुट्टीत बाया तिथंच ओळीनं बसून बोरं खायच्या. त्यांनी थुंकलेल्या आठोळ्या गवतानं माती धरल्यावर उठल्या होत्या. कोण कुठं बसायची तेही तिला पाठ होतं.

बोरं पिकू लागली तेव्हा तिनं झाडं वाटून टाकली. "हे आंबट त्या भांडकुदळीचं." शेवटचं, सगळ्यांत गोड, अर्थातच तिचं. तिच्या माहेरची बोरं होती ती.

आणि त्याच कार्तिकात मालगुजाराचा गडी कुऱ्हाड घेऊन आला. भाजीच्या बाडीच्या कुंपणाला काट्या हव्या होत्या, आणि जमीन मालगुजाराची. आई झाडाला पाठ लावून उभी राहिली.

"काऊन तोडून राहिला रे? तुळशीचं लगन व्हाचं हाय. देवाले बोर चढलं नाई अन् तू बोरीलेच कुऱ्हाड लावतं?"

गडी चपापून परत गेला. पण तुळशीचं लग्न काही वर्षभर चालत नाही. ते होताच आईनं आपल्या झाडाची पिकली बोरं द्रोणात घालून मालगुजाराकडे प्रसाद म्हणून पाठवली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच धापा टाकत ढिगारा चढून आला, झाडाखाली उभा राहून बोरं खाऊ लागला.

"कोनं लावली ही बोर?"

"लावली नाई जी. थुकली."

मला हसू आवरेना. मालगुजारही खोखो हसला, आणि हसता हसता त्यानं तोंडातली आठोळी उतारावर थुंकली. आई तेवढ्याचीच वाट बघत होती.

"थुका मालक, आनखी थुका. तुमची उगवली का तिच्या काट्या तोडा. माही राहू द्या."

कुंपण त्या साली बाभळीचं झालं. दोन पावसाळ्यांनी उतारावर आठवी बोर निघाली. तिला फळं आली तेव्हा आईनं एक चाखलं. आंबटढाण!

"मालकाचीच हाय," ती म्हणाली.

ती बोर मालगुजारानं कधी कुणाला तोडू दिली नाही.