ओळीतले ठिपके

मुक्ताच्या संगणकावर एका लांब ओळीत निळे ठिपके सरकत होते. पुढची जागा रिकामी असली तरच ठिपका पुढे जाई. ओलांडून जायची सोय नव्हती, म्हणून कुठे दाटी होई, कुठे ओळ विरळ होई. ही दाटी किती कमी-जास्त होते, हे माझी लेक पीएचडीसाठी शोधत होती. महिनोन्‌महिने ठिपक्यांचं उत्तर तिने कागदावर मांडलेल्या गणिताशी जुळत नव्हतं. "बाबा, सोडून देऊ का?" असं ती आदल्या दिवशीच म्हणाली होती, म्हणून मी शेजारी बसून होतो.

"हा बिचारा कधीचा अडकलाय गं," मी एका ठिपक्याकडे बोट दाखवलं.

"सुटेल. पुढचा हलला की यालाही वाट मिळेल."

तिची आई गेल्यावर आम्ही दोघं असेच थिजलो होतो. मग एका सकाळी मुक्ताने पोहे केले, आणि मलाही अंघोळ करून बाहेर पडावंसं वाटलं.

तेवढ्यात पडद्यावर दोन रेषा उमटल्या, एक तिच्या ठिपक्यांची, दुसरी गणिताची. त्या एकमेकींवर अलगद बसल्या. मुक्ता तोंडावर हात ठेवून बघत राहिली.

"बाबा, जुळलं हो!"

मला त्यातलं काही कळत नव्हतं. तरी डोळे पुसत मी म्हणालो, "पुन्हा एकदा दाखव."